सुपरकॉम्प्युटर आला, पण त्यावरचा प्रोग्रॅम कोणाच्या भाषेत लिहिणार?

सुपरकॉम्प्युटरची बातमी आपल्याकडे एकाच साच्यातून निघते. इतके कोटी, इतके पेटाफ्लॉप, अमुक मान्यवरांच्या हस्ते लोकार्पण. २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी पुण्याच्या आयआयटीएममधल्या (म्हणजे आपली उष्णदेशीय हवामान संस्था, पाषाणची) 'अर्का'चं आणि नोएडाच्या 'अरुणिका'चं लोकार्पण केलं, तेव्हाही ८५० कोटी आणि 'अर्का'चे ११.७७ पेटाफ्लॉप हे आकडे सगळीकडे छापून आले. त्याच दिवशी तीन 'परम रुद्र' यंत्रंही सुरू झाली, त्यातलं एक आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीसाठी. सगळं चांगलंच आहे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. ही यंत्रं पाच-सात वर्षांत जुनी होणार. त्यांच्यावर चालणारा प्रोग्रॅम मात्र वीस-तीस वर्षं जगतो. मग तो प्रोग्रॅम असा लिहिला जातोय का, की उद्या दुसऱ्या कंपनीची चिप आली तरी चालेल?

विषय रुक्ष वाटेल, मान्य आहे. पण सोलापूरकराने तरी याकडे पाठ फिरवू नये, असं माझं मत आहे. का ते सांगतो.

आपला जिल्हा साधारण १४,८९५ चौरस किलोमीटरचा. हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात पाऊस, वारा, तापमान यांचं गणित करतं. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शंभरेक चौकोन बसतात. ६ किलोमीटरचा केला तर चारशेच्या वर. मे २०२५ मध्ये आयआयटीएमने बनवलेली 'भारत फोरकास्टिंग सिस्टीम' सुरू झाली, ती ६ किलोमीटरची. आधीचं मॉडेल १२ चं होतं. बार्शीत धो-धो आणि मंगळवेढ्यात धूळ, हे ज्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात घडतं, त्या जिल्ह्याला चौकोन बारीक होणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर आठवा. पाऊस वर अहिल्यानगर, धाराशिवच्या पट्ट्यात पडला आणि पाणी खाली माढा-मोहोळच्या घरांत शिरलं. तिथे 'मध्य महाराष्ट्रात जोरदार पावसाची शक्यता' या वाक्याचा उपयोग किती? कुठल्या पाणलोटात, किती तासांत, हे हवं.

आयआयटीएमला सोलापूर नवीन नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात त्यांनी कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग इथेच केला होता. २७६ ढग तपासले, आणि काही ढगांवर बीजारोपण केल्यावर ठरावीक भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे आपण पर्जन्यछायेत आहोत हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता गोम अशी, की चौकोनाची बाजू निम्मी केली की काम दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. लांबीत दुप्पट चौकोन, रुंदीत दुप्पट, आणि चौकोन लहान झाल्यामुळे गणिताचं वेळेचं पाऊलही निम्मं टाकावं लागतं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. ६ वरून ३ किलोमीटरवर जायचं तर परत आठपट. नुसते साधे प्रोसेसर वाढवत गेलं तर विजेचं बिलच यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करायला लागेल. म्हणून जगभर सगळे जीपीयूकडे वळले. मुलांच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये असतं ते ग्राफिक्स कार्ड, त्याचाच हा थोरला भाऊ.

साधा प्रोसेसर म्हणजे चार-सहा हुशार कारकून, प्रत्येक जण वेगळं किचकट काम करणारा. जीपीयू म्हणजे आपल्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढल्यावर दिसणारी हमालांची फौज. हजारो जण, सगळ्यांना एकच हुकूम: उचल, ठेव. गोण्या ओळीने लावलेल्या असतील तर तासात ट्रक रिकामा. गोण्या विस्कटलेल्या असतील तर हजार हमाल असूनही एकमेकांच्या पायात पाय. जीपीयूचं अगदी तसंच आहे. मेमरीत आकडे कोणत्या क्रमाने मांडलेत यावर त्याचा वेग ठरतो. आणि खोच अशी, की साध्या प्रोसेसरला जी मांडणी सोयीची, ती जीपीयूला बऱ्याचदा गैरसोयीची. म्हणून जुना प्रोग्रॅम उचलून जीपीयूवर टाकला आणि पळायला लागला, असं होत नाही. तो बराचसा नव्याने लिहावा लागतो. हवामानाची मॉडेल्स बहुतेक फोरट्रान भाषेत आहेत, जी १९५७ साली आली, आणि ती लाखो ओळींची आहेत. एकदा लिहायला घेतली की वर्षानुवर्षं जातात.

एवढी मेहनत एकदाच करायची असेल, तर कोणत्या भाषेत करायची? खरा प्रश्न इथे आहे.

सर्वांत सोपा रस्ता एनव्हिडियाचा. त्यांनी २००७ मध्ये 'क्युडा' आणलं. शिकायला चांगलं, पुस्तकं भरपूर, तयार लायब्ऱ्या ढीगभर, अडलं तर उत्तर लगेच सापडतं. फक्त ते एनव्हिडियाच्याच चिपवर चालतं. एएमडीने मग 'हिप' काढलं, दिसायला जवळजवळ क्युडासारखंच, जेणेकरून लोकांना तिकडून इकडे येता यावं. इंटेलने 'सिकल' या खुल्या मानकाचा आधार घेतला. म्हणजे तीन दुकानं, तीन बोल्या.

सोलापूरच्या माणसाला हे समजवायला मला चादरीपेक्षा बरं उदाहरण सापडत नाही. चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढतात. मग त्यावरून जकार्डसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, ते पुठ्ठे ओवून माळ करतात आणि मागावर चढवतात. हे पुठ्ठे त्या विशिष्ट जकार्डचे असतात. हुकांची संख्या बदलली, यंत्राचा प्रकार बदलला, की पुठ्ठ्यांची माळ रद्दीत. ग्राफचा कागद मात्र कायम उपयोगी, त्यावरून नव्या यंत्रासाठी पुन्हा पुठ्ठे पाडता येतात. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, पुठ्ठ्यांच्या जागी फाईल आली, तरी मूळ गोष्ट तीच. ज्या कारखानदाराने फक्त पुठ्ठे जपले आणि ग्राफ फेकून दिले, त्याचं काय होत असेल ते विचारा जुन्या माणसांना.

क्युडात थेट लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे पुठ्ठे. पोर्टेबल पद्धतीने लिहिलेला म्हणजे ग्राफचा कागद, आणि त्यावरून प्रत्येक यंत्राचे पुठ्ठे पाडण्याचं काम कंपायलर नावाच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेलं.

कोणी म्हणेल, एनव्हिडिया कुठे जातंय? जगातली सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक आहे. ठीक. पण पुण्याचाच इतिहास बघा ना. बाहेरचं उदाहरण शोधायची गरजच नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट, आणि आपण ती सांगतोच. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. परम ८००० मध्ये इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. त्या काळचं ते भविष्य होतं, त्यांची 'ऑकम' नावाची खास भाषाही होती. काही वर्षांतच पुढची चिप रखडली आणि ट्रान्सप्युटर इतिहासजमा झाला. ऑकममध्ये लिहिलेलं त्याच्याबरोबर गेलं.

मग परम ८६०० मध्ये इंटेलची आय-८६० चिप आली. तीही थोड्या वर्षांत संपली. परम ९००० आणि परम १०००० मध्ये सनच्या स्पार्क चिपा. २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर. २००८ च्या परम युवामध्ये इंटेल झिऑन. २०१३ च्या परम युवा-२ मध्ये झिऑनबरोबर 'झिऑन फाय' नावाचे खास वेग वाढवणारे कार्ड, जे तेव्हा जीपीयूला उत्तर म्हणून गाजत होते. पुढे इंटेलने ते बंदच करून टाकले. २०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये एनव्हिडियाचे ए-१०० जीपीयू, ज्यामुळे तो त्या वर्षी जगाच्या यादीत ६३ वा आला.

तीस वर्षांत एकाच संस्थेने इतक्या चिपा बदलल्या. त्यातल्या ट्रान्सप्युटर, आय-८६० आणि झिऑन फाय या तीन तर बाजारातूनच गेल्या. प्रत्येक जण आला तेव्हा 'आता हाच' असं वाटत होतं. या सगळ्यातून टिकलं काय? फोरट्रान टिकली, सी टिकली. १९९४ मध्ये ठरलेलं 'एमपीआय' टिकलं, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसरनी एकमेकांना निरोप कसे पाठवायचे याचं खुलं मानक. ते कोणाच्याच मालकीचं नव्हतं, म्हणून कोणाबरोबर मेलं नाही. झिऑन फायवर ज्यांनी खुल्या 'ओपनएमपी'त लिहिलं होतं त्यांचं बरंचसं काम पुढच्या यंत्रावर आलं. ज्यांनी त्या कार्डाच्या खास सूचना वापरून शेवटचा थेंब पिळला होता त्यांना परत बसावं लागलं.

आता जगात काय चाललंय ते थोडक्यात. अमेरिकेने आपल्या मोठ्या सरकारी यंत्रांसाठी मुद्दाम एकाच दुकानात खरेदी केली नाही. समिट एनव्हिडियाचं, फ्रंटियर आणि एल कॅपिटन एएमडीची, अरोरा इंटेलचं. त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञांना पोर्टेबल लिहिण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही. सँडिया प्रयोगशाळेतून 'कोकोस' नावाची लायब्ररी आली. ती वापरून प्रोग्रॅम एकदाच सी-प्लस-प्लसमध्ये लिहायचा, आणि गोण्यांची मांडणी कुठल्या यंत्राला कशी हवी ते तिने बघायचं. तिथल्या ऊर्जा खात्याच्या लोकांनी ढगांपर्यंत बारीक जाणारं 'स्क्रीम' हे जागतिक मॉडेल असंच लिहिलं. सव्वातीन किलोमीटरचे चौकोन, अख्खी पृथ्वी, आणि यंत्रावर एका दिवसात हवामानाचं एक वर्ष पुढे सरकवायचं. समिटवरही चाललं, फ्रंटियरवरही चाललं. २०२३ मध्ये त्याला हवामानासाठीचा गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला. ३ किलोमीटरची भूक आपलीही आहे, म्हणून हे उदाहरण.

स्वित्झर्लंडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण देश छोटा आणि डोंगराळ, आणि त्यांचं काम रोजच्या अंदाजाचं. २०१६ मध्ये त्यांच्या हवामान खात्याने रोजचा अंदाज जीपीयूवर चालवायला सुरुवात केली, जगात पहिल्यांदा. त्यासाठी मॉडेलचा गाभा त्यांनी एका खास बनवलेल्या छोट्या भाषेत पुन्हा लिहिला आणि उरलेल्या फोरट्रानमध्ये 'ओपनएसीसी'च्या सूचना पेरल्या. पुढे २०२४ मध्ये ते आयकॉन या दुसऱ्या मॉडेलवर गेले, तेव्हा पुन्हा ओपनएसीसीचाच आधार घेतला. जुना फोरट्रान न मोडता जीपीयूवर जायचा हा व्यवहारी रस्ता. त्याची अडचण अशी, की ओपनएसीसी कागदावर खुलं आहे, पण सगळ्या चिपवाल्यांचे कंपायलर त्याला सारखं साथ देत नाहीत; इंटेलने तर त्याला आपलंसं केलंच नाही. एखादं मानक नावाला खुलं असलं म्हणजे झालं, असं समजू नये. कुठल्या कुठल्या यंत्रावर ते आज खरंच चालतं, हे करून बघावं लागतं.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट प्रचार होईल. पोर्टेबल लिहिणं फुकट नाही. थेट क्युडात लिहिलेल्या कोडपेक्षा ते काही वेळा हळू पडतं. शिकायला जड जातं. आयुष्यभर फोरट्रान लिहिलेल्या शास्त्रज्ञाला कोकोससाठी सी-प्लस-प्लस शीक म्हणणं म्हणजे पन्नाशीत पोहायला शिक म्हणण्यासारखं. आणि खुल्या मानकांचाही भरवसा नसतो. २००९ च्या सुमारास 'ओपनसीएल'कडून केवढ्या आशा होत्या! ते पुढे आणायला निघालेल्या ॲपलनेच २०१८ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. म्हणून एखाद्या पीएचडीच्या मुलाला तीन वर्षांत प्रबंध द्यायचा असेल आणि समोर एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर त्याने खुशाल क्युडा वापरावं. त्याला तत्त्वज्ञान सांगू नये.

पण सरकारी पैशातून जे मॉडेल पुढची वीस वर्षं शेतकऱ्याला पाऊस सांगणार आहे, त्याला हा नियम लावता येत नाही. तिथे पाच-दहा टक्के वेग गेला तरी चालेल. यंत्र बदललं की मॉडेल तीन वर्षं पुन्हा लिहीत बसणं परवडणार नाही, कारण त्या तीन वर्षांत तीन पावसाळे जातात.

'एआय आलंय, आता हे सगळं कशाला', असंही काही मित्र म्हणतात. एआयची मॉडेल्स वेगवान आहेत हे खरं. आणि ती ज्या साधनांत लिहितात ती साधनं चिपचा फरक बरीचशी आपणच झाकतात, हेही खरं. पण गुगलच्या ग्राफकास्टसारखं मॉडेल शिकलं कशावर? युरोपियन केंद्राने भौतिकशास्त्राच्या मॉडेलमधून तयार केलेल्या कित्येक दशकांच्या हवामानाच्या नोंदींवर. विहिरीत पाणी आहे म्हणून पोहऱ्याचं कौतुक, एवढंच.

यात राजकारणही आहे, आणि ते पक्षांचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये, जाता जाता, बायडेन सरकारने प्रगत चिपांच्या निर्यातीचा एक नियम काढला. बिनअटीच्या १८ मित्रदेशांच्या यादीत भारत नव्हता. मे महिन्यात, लागू होण्याआधीच, ट्रम्प सरकारने तो मागे घेतला. आज मागे घेतला, उद्या दुसऱ्या रूपात येणार नाही याची हमी कोण देणार? क्रेच्या वेळी आपल्याकडे यंत्र नव्हतं. या वेळी यंत्र असेल, पण त्याच कंपनीचं पुढचं यंत्र मिळालं नाही तर आपलं मॉडेल दुसऱ्या कुणाच्या चिपवर हलवता येईल का, हा प्रश्न असेल. सी-डॅक स्वतःचा आर्म रचनेचा 'एयूएम' प्रोसेसर बनवतंय. तो येईल त्या दिवशी त्यावर चालवायला आपल्याकडे तयार कोड असला पाहिजे, की परत नव्याने सुरुवात?

माझं म्हणणं साधं आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ ला ४,५०० कोटींचं ठरलं. त्यातून किंवा पुढच्या योजनेतून जीपीयूसाठी कोड लिहायला जो पैसा जाईल, त्याच्या अटीत एक ओळ असावी: कोड किमान दोन वेगळ्या कंपन्यांच्या जीपीयूंवर चालवून दाखवा, आणि उत्तर दोन्हीकडे जुळतं हे दाखवा. कुठली पद्धत वापरायची, कोकोस, सिकल, ओपनएमपी की आणखी काही, ते शास्त्रज्ञांनी ठरवावं, मंत्रालयाने नाही. दुसरं, यंत्राच्या निविदेत नुसते पेटाफ्लॉप मागू नयेत. आपलं स्वतःचं हवामान मॉडेल त्या यंत्रावर आणायला किती ओळी बदलाव्या लागतील, याचं उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. आणि कोड लिहिणाऱ्या माणसांना तीन-तीन वर्षांच्या कंत्राटावर नाचवू नये. चिप जाते तसा माणूसही जातो, आणि मग ग्राफचा कागद वाचणाराच कोणी उरत नाही.

आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. केंद्राच्या इंडियाएआय मिशनमधून सवलतीच्या दरात भाड्याने जीपीयू देण्यासाठी २०२५ मध्ये जी यादी निघाली, तिच्यात एनव्हिडिया तर होतंच, शिवाय एएमडी, इंटेलचं गौडी वगैरेही होतं. म्हणजे देशातलं सरकारी दुकानसुद्धा आता एका ब्रँडचं राहिलेलं नाही. वालचंदला, ऑर्किडला, पंढरपूरला शिकणाऱ्या पोरांनी क्युडा जरूर शिकावं, नोकरी मिळते. पण तोच छोटा प्रोग्रॅम, दोन मॅट्रिक्सचा गुणाकार का असेना, ओपनएमपीत किंवा सिकलमध्ये लिहून दोन वेगळ्या चिपांवर चालवून बघा. काय मोडतं, कुठे हळू पडतं, ते वहीत टिपून ठेवा. मुलाखतीत 'क्युडा येतं' म्हणणारे शंभर असतात, ही वही दाखवणारे दोन-चारच.

आयआयटीएम, सी-डॅक, आयसर, जीएमआरटी अशा ठिकाणी काम करणारे सोलापूरकर या पेजवर आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे हे प्रत्यक्ष कसं चाललंय ते लिहा. जुन्या फोरट्रानच्या किती ओळी जीपीयूवर गेल्या, कुठल्या पद्धतीने गेल्या, आणि कुठल्या अजून तिथेच बसल्यात. नाव द्यायचं नसेल तर इनबॉक्स करा.